येस

हिलाल अण्णांनी सीडी आणली
वर्तमानपत्रात गुंडाळून, कळण्याची भाकर बांधावी तशी.
म्हणाले, आमचा थोरला भटू वह्या गातो ना,
जळगावच्या लोकांनी भरून घेतल्या,
बदल्यात ही तबकडी दिली,
आणि त्याच्या गावात ती वाजवायला काहीच नाही.
वर्षभर आरशाशेजारी टांगली होती. त्यानं स्वतः अजून ऐकली नाही.

देवपुरातल्या आमच्या लॅबमध्ये
सीडीचं तोंड असलेलं यंत्र एकच:
कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेलं युनिक्सचं वर्कस्टेशन.
त्याला एकट्याला कूलर, त्याला एकट्याला टेबलक्लॉथ,
आणि त्याच्याशी बोलणारी एकटी मी.

आधी मीच चुकले. माउंट करायला गेले.
त्यानं विचारलं, फाइल सिस्टम कुठली?
कुठलीच नाही रे बाबा.
हिच्यात फोल्डर नाही, फाइल नाही, नावगाव नाही,
मधल्या मेढीपासून निघून
फिरत फिरत बाहेर आलेली एक पात आहे फक्त.
एवढं कळायला सोमवार गेला.

मंगळवारी: परवानगी नाकारली.
ड्राइव्ह रूटच्या मालकीचा, रूट देवरे सरांच्या खिशात.
सरांनी पासवर्ड एसटीच्या तिकिटामागे लिहून दिला,
धुळे ते पारोळा, पूर्ण एक,
आणि म्हणाले, वाचून झालं की खाऊन टाक.
हसले नाहीत.

बुधवारी प्लेअर कंपाइल करायला घेतला.
बटणं काढणारी लायब्ररी आमच्याकडे नव्हती,
म्हणून बटणं वगळली, खिडकी वगळली,
एकशे बारा एरर चौदावर आल्या
आणि पावणेपाचला वीज गेली.
अण्णांनी दोन कट चहा आणला,
अंधारात विचारलं,
एवढं काय काय मागतं हो ते?

गुरुवारी चाललं.
काळ्या पडद्यावर हिरवे आकडे:
ट्रॅक एक. शून्य शून्य, एक. दोन. तीन.
सीडी फिरत होती, पत्र्यावर तळवा ठेवला की थरथर कळायची.
आवाज नाही.
मिक्सर शंभरवर. आवाज नाही.
स्पीकरला चापट मारून झाली.
आकडे सात मिनिटांच्या पुढे गेले, दुसरा ट्रॅक लागला,
आत कुणीतरी जीव तोडून गात होतं
आणि खोलीत कूलरचं पाणी ठिबकत होतं.

झाकण उघडलं. ड्राइव्हच्या पाठीला
बारक्या केबलची जागा, रिकामी.
साउंड कार्डावर तशीच जागा, तीही रिकामी.
टाकून देणाऱ्यानं तेवढी ठेवून घेतली असणार.
मी सांगायला लागले, अण्णा, धुळ्यात नाही मिळायची,
नाशिकला कुणी जाणार असेल तर.
त्यांचं लक्ष नव्हतं.
ड्राइव्हच्या तोंडावरच, खालच्या अंगाला, एक भोक होतं.
चार दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.
अण्णांनी खिशातून ट्रान्झिस्टरचा इअरफोन काढला, एका कानाचा,
ज्यानं ते स्टोअररूममध्ये मॅच ऐकतात,
आणि खुपसला.

"येस!" ते ओरडले. "ताई, येस!"

मी साताऱ्याकडची. मला वाटलं, इंग्रजी.
बराच वेळ वाटलं.
मग उमगलं, अहिराणी.
येतोय म्हणत होते. आवाज येतोय.

मी कानाला लावला.
खाकरणं. लांबवर कुत्रं. डफावर एक चुकार बोट.
आणि गाण्याआधी, अगदी जवळून, काळजीनं:
"चालू शे का?"

रविवारी भटू आला.
चपला पार जिन्याखाली काढून आला.
फिरत्या खुर्चीच्या कडेवर बसला, ती फिरू नये म्हणून
पायांनी फरशी धरून.
अण्णांनी इअरफोन त्याच्या कानात बसवला, मी कमांड दिली.
एक. दोन. तीन. चार.
"शे, शे," भटूनं मोठ्यानं उत्तर दिलं.
मग आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं,
ऐकू त्याला एकट्याला येत होतं तरी.